‘वारसा नाही’ हा शिक्का कसा बसतो?

एखादी नावाजलेली इमारत पाडायची तर आधी ‘हा वारसा नाही’ असं कागदावर यावं लागतं. ते कसं येतं, हे आज दिल्लीच्या एका उदाहरणावरून बघू.

प्रगती मैदानात हॉल ऑफ नेशन्स होता. ट्रेड फेअरला गेलेल्यांना आठवत असेल. मी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा स्टॉल सोडून छताकडेच बघत राहिलो. एवढा प्रचंड हॉल आणि मध्ये एकही खांब नाही! स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, ‘एशिया ७२’ प्रदर्शनासाठी तो बांधला. वास्तुरचनाकार राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. असा त्रिकोणी जाळीचा सांगाडा एरवी पोलादाचा करतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग, मजूर भरपूर. म्हणून सगळी जाळी जागेवरच काँक्रीट ओतून केली. माझ्या मते त्या काळचा भारत त्या छतात दिसायचा.

पुढे तिथे नवं संमेलन केंद्र करायचं ठरलं. आता गंमत बघा. ‘ही इमारत सामान्य आहे’ असं कुणालाच सिद्ध करावं लागलं नाही. स्वातंत्र्योत्तर काळातल्या निवडक इमारती वारसा यादीत घ्याव्यात, अशी मागणी इंटॅक या संस्थेने केली होती. त्यात हा हॉलही होता. दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने ठरवलं, की साठ वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचाच विचार होईल. हॉलचं वय ४५. संपला विषय! गुणदोषांची चर्चा करायची वेळच आली नाही. एप्रिल २०१७मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि २३ तारखेला, रविवारी रात्री, पाडकाम सुरू झालं. प्रगती मैदानात आता भारत मंडपम आहे.

वयाची अट अगदीच निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. अधिकाऱ्याच्या आवडीनिवडीला तिने लगाम बसतो. पण केंद्राच्या १९५८च्या स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आहेच. त्यात न बसणाऱ्या इमारतींसाठीच तर शहराची यादी असते. आणि २०१६मध्ये, म्हणजे हॉल पडण्याच्या वर्षभर आधीच, चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. तिथल्या विधानसभेच्या इमारतीलाही तेव्हा साठ वर्षं झालेली नव्हती!

तुमच्या शहरातल्या एखाद्या इमारतीबद्दल काळजी वाटत असेल, तर महापालिकेची वारसा यादी आधी मिळवा. नाव नसेल तर लेखी अर्ज द्या, बांधकामाचं साल आणि फोटो जोडा, पोच घ्या. यादीचा मसुदा निघून हरकती-सूचना मागवल्या, तर तिथेही तोच अर्ज पुन्हा द्या. पाडकामाचं टेंडर निघाल्यावर धावपळ केली, तर कोर्टातही पहिला प्रश्न येतो तो हाच: यादीत नाव आहे का?