उभ्या उतारावरचं स्कीइंग : दरीकडे झुकायला शिकणं

मागच्या व्याख्यानात आपण बर्फाविषयी बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. साध्या उतारावर स्की येतं, वळणंही घेता येतात, पण उतार उभा झाला की शिकलेलं सगळं विसरायला होतं. असं का? आज याच प्रश्नाकडे बघू.

आधी उभा म्हणजे किती उभा, हे ठरवू. घराचा जिना साधारण 30 अंशांचा असतो. ज्या पायरीची उंची आणि रुंदी सारखीच, तो जिना 45 अंशांचा. त्यावरून उतरताना आपला हात आपोआप कठड्याकडे जातो. स्की शिकणारे सुरुवात करतात ती 10-12 अंशांवर. 35 अंशांच्या पुढे उतार खरोखर उभा लागतो. 45 अंशांवर तर डोंगराकडची काठी बाजूला धरली तरी चटकन बर्फाला टेकते.

आता थोडं गणित. 20 अंशांच्या उतारावर आपल्या वजनापैकी सुमारे 94 टक्के बर्फावर दाबतं आणि 34 टक्के खाली ओढतं. 45 अंशांवर दोन्ही सारखे होतात, 71-71 टक्के. म्हणजे पकड कमी झाली आणि ओढ दुपटीने वाढली. घर्षण सोडून दिलं, तर अशा उतारावर पडलेला माणूस तीन सेकंदांत ताशी 75 किलोमीटरच्या वेगाला पोचतो. घर्षणामुळे हा आकडा खाली येतो हे खरं, पण कडक बर्फ आणि वर गुळगुळीत जाकीट असेल तर फारसा दिलासा नाही. साध्या उतारावर पडलो की हसत उठायचं. इथे पडणं थांबेलच असं नसतं. शरीराला हे कळतं, म्हणून ते घाबरतं. त्यात त्याची चूक काही नाही. चूक होते ती पुढे.

घाबरलेलं शरीर काय करतं? डोंगराला बिलगतं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घसाऱ्यावरून उतरताना जो मागे रेलतो, त्याचेच पाय आधी सुटतात आणि तोच बसतो. जो वजन पावलांवर ठेवतो, तो उतरतो. स्कीवर अगदी हेच घडतं. डोंगराकडे झुकलं की वजन वरच्या स्कीवर जातं, खालची स्की हलकी होते आणि निसटते. टाचांवर मागे बसलं, तर स्कीची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, आणि स्की सरळ खाली पळत सुटते. ज्या हालचालीत आपल्याला सुरक्षित वाटतं तीच आपल्याला पाडते. उभ्या उताराचं सगळं तंत्र म्हणजे या एका ओढीविरुद्ध केलेली तयारी आहे.

ही तयारी क्रमाने करायची.

पहिली गोष्ट, आडवं घसरणं. स्की उताराला आडव्या ठेवायच्या. गुडघे किंचित दरीकडे सोडले की कडा सुटतात आणि आपण खाली घसरतो. गुडघे डोंगराकडे दाबले की कडा रुततात आणि आपण थांबतो. एक स्कीभर घसरा, थांबा. परत घसरा, थांबा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हवं तिथे थांबता येतं हे पायांना पटल्याशिवाय मनाला पटत नाही.

दुसरी, धड दरीकडे. स्की आडव्या, पण छाती आणि दोन्ही हात खालच्या दिशेला. कमरेत पीळ बसतो, आवळलेल्या स्प्रिंगसारखा. कडा सुटल्या की हा पीळ स्वतःच पायांना वळवतो.

तिसरी, काठी. ती आपल्या बाजूला नाही, बुटाच्या खालच्या अंगाला, दरीच्या बाजूने टेकवायची. तिथे पोचायचं तर खांदा खाली न्यावाच लागतो, आणि खांद्यामागे वजन येतं. म्हणून काठी आधी, वळण नंतर.

चौथी, उडतं वळण. गुडघे वाकवून कडा घट्ट बसवायच्या, काठी टेकवायची, उसळी घेऊन दोन्ही स्की हलक्या करायच्या, हवेतच फिरवायच्या आणि पलीकडे आडव्या उतरवायच्या. सरळ खाली तोंड असण्याचा क्षण जितका छोटा, तितका वेग कमी. उतरताना पाय ताठ ठेवू नका, कडा निसटतील. आणि प्रत्येक वळणानंतर एक श्वास घ्या. घाई कुणालाच नाही.

इथे सिल्वाँ सोदाँ या स्विस माणसाची आठवण काढायला हवी. 1967 मध्ये तो फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या स्पेन्सर कुलुआर या अरुंद बर्फाळ घळीतून स्कीवर उतरला. स्की फारशा न उचलता, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारख्या फिरवायच्या, ही त्याची पद्धत. 1982 मध्ये तो हिडन पीक या 8,080 मीटर उंच शिखरावरून स्कीने उतरला. पुढे आपल्या काश्मीरमध्ये त्याने हेलिकॉप्टर स्कीइंगही चालवलं. 2024 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी तो गेला. या खेळात इतकं आयुष्य केवळ धाडसाने मिळत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "पडलोच तर?" तर वेग चढायच्या आधी, म्हणजे पहिल्या सेकंदालाच हालचाल करायची. स्की पायात असतील तर त्या शरीराच्या खाली आणि आडव्या आणायच्या, मग कडा रुतवायच्या. स्की सुटल्या असतील तर पालथं व्हायचं, पाय दरीकडे, आणि हात व बुटांच्या टोकांवर शरीर वर ढकलायचं. याचा सराव मात्र अशा उतारावर करा, जिथे खाली सपाट मैदान आहे.

अजून एक गोष्ट, आणि ती तंत्राच्याही वरची. आपल्याला हवा असलेला उतार नेमका हिमस्खलनालाही हवा असतो. बर्फाचे थर बहुतेक 30 ते 45 अंशांवरच सुटतात. गुलमर्गचा गोंडोला अफरवटावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो, आणि वर उतरलं की चहूकडे असे मोहक उतार दिसतात. पाळणा तिथवर नेतो म्हणून तो उतार सुरक्षित होत नाही. त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा, अंगावर ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडं आणि शोधकाठी, आणि ही साधनं वापरता येणारा सोबती; यातलं एक जरी नसलं तरी खाली यायचं. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आलं तरच मोठी आशा असते, आणि तेवढ्या वेळात पोचतो तो सोबतीच.

आम्ही स्वतः एकदा अशाच एका उताराच्या माथ्यावर अर्धा तास उभे राहिलो आणि पाळण्यानेच परत आलो. त्या दिवशी पाय आडवं घसरायलाही तयार नव्हते. वाईट वाटलं, पण पुढच्या वर्षी तिथे परत जायला आम्ही शिल्लक होतो.

तेव्हा आज घरी जाताना एवढंच न्या. उभ्या उतारावर वजन दरीकडे द्यायचं, आणि ते द्यायची तयारी नसेल त्या दिवशी उतरायचं नाही. हे ऐकून स्की येणार नाही, त्यासाठी जाणता प्रशिक्षक सोबत हवाच. पण तो जेव्हा ओरडेल, "खाली झुका!", तेव्हा का ओरडतोय ते तुम्हाला कळलेलं असेल.