प्रकार १ मधुमेही मातांची नवजात अर्भके आणि रक्तशर्करान्यूनता

प्रस्तावना :
मधुमेही मातेच्या बाळाच्या रक्तातील साखर जन्मतः वाढलेली असणार, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. प्रकार १ मधुमेह असलेल्या मातेच्या अर्भकाची रक्तशर्करा जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लुकोज हे मेंदूचे मुख्य इंधन असल्याने ही घट तीव्र व दीर्घकाळ राहिल्यास मेंदूला कायमची इजा संभवते. या विरोधाभासाची कारणमीमांसा आणि त्यावरील उपाययोजना यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारणमीमांसा :
कोपनहेगन येथील डॉ. यॉर्गन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेला सिद्धान्त आजही या विषयात पायाभूत मानला जातो. मातेच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे सहज जाते. इन्शुलिन मात्र फारसे जात नाही. त्यामुळे मातेची साखर वाढली की गर्भाचीही वाढते व तिला तोंड देण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करू लागते. या इन्शुलिनमुळे गर्भाच्या शरीरात मेद साठतो आणि बाळ वजनदार होते.

जन्मानंतर नाळ कापताच ग्लुकोजचा पुरवठा थांबतो. परंतु इन्शुलिनचे वाढीव उत्पादन त्याच क्षणी थांबत नाही. निरोगी अर्भकाचीही साखर पहिल्या एक-दोन तासांत उतरते. पण त्याचे यकृत साठवलेले ग्लुकोज रक्तात सोडते आणि मेदापासून कीटोन हे पर्यायी इंधनही तयार होते. वाढलेले इन्शुलिन या दोन्ही क्रियांना अटकाव करते. परिणामी मेंदूला मुख्य व पर्यायी अशा दोन्ही इंधनांची वाण पडते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पित्यास प्रकार १ मधुमेह असल्यास अपत्यास पुढील आयुष्यात तो आजार होण्याची शक्यता काहीशी वाढते. तथापि नवजात अवस्थेतील ही शर्करान्यूनता त्यामुळे उद्भवत नाही. तिचे मूळ अनुवंशात नसून गर्भाशयातील पोषणात आहे.

लक्षणे व निदान :
अंग थरथरणे, सुस्ती, दूध न ओढणे, त्वचा निळसर पडणे, श्वास थांबणे व झटके येणे ही प्रमुख लक्षणे होत. अनेक अर्भकांत मात्र कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणून अशा प्रत्येक बाळाची तपासणी आवश्यक ठरते. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार जन्मानंतर तासाभरात पहिले दूध पाजून त्यानंतर ३० मिनिटांनी साखर तपासावी व ही देखरेख किमान १२ तास ठेवावी. पहिल्या ४ तासांत ४० आणि त्यानंतर २४ तासांपर्यंत ४५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर या पातळीखालील साखर दखलपात्र मानली आहे.

उपचार व प्रतिबंध :
लवकर व वारंवार स्तनपान आणि मातेच्या अंगाशी मिळणारी ऊब हा पहिला उपाय होय. गालाच्या आतील बाजूस ४० टक्के डेक्स्ट्रोज जेल चोळण्याचा उपयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील अभ्यासाने दाखवून दिला. लक्षणे असल्यास किंवा या उपायांनी साखर न वाढल्यास शिरेवाटे १० टक्के डेक्स्ट्रोज द्यावे लागते. आपल्याकडे नवजात बाळास मधाचे बोट चाटविण्याची प्रथा आहे. परंतु मध हा यावरील उपचार नव्हे. मधातून बॉट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका असल्याने वर्षाखालील बाळास तो देऊ नये.

प्रतिबंधाचा आरंभ गर्भधारणेपूर्वीच व्हावा. गर्भारपणात व प्रसूतीच्या वेळी मातेची साखर नियंत्रित ठेवल्यास धोका घटतो. सतत ग्लुकोजमापन करणाऱ्या उपकरणाच्या वापराने अर्भकांतील शर्करान्यूनता कमी होते, असे २०१७ च्या ‘कॉन्सेप्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले.

समारोप :
उत्तम नियंत्रण ठेवूनही काही बाळांची साखर उतरतेच. त्याचा दोष मातेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. अशा बाळाला मधुमेह झालेला नसतो व बहुतेकांची साखर काही दिवसांत स्थिरावते. मातेचा आजार प्रसूतिगृहास आधीच कळविणे, पहिल्या तासात दूध पाजणे आणि ठरलेल्या वेळी टाचेतून रक्ताचा थेंब तपासणे या साध्या गोष्टींनी एका आयुष्याचे मोठे नुकसान टळू शकते.