आवणी वेळेवर होते, मग उधारीची वही का उघडत नाही?



जुलैमध्ये डोळखांबला गेलात तर शेताकडे जरा बघा. पाऊस धो धो कोसळतोय, अंगावर इरलं नाहीतर प्लास्टिक, आणि चिखलात आवणी चालू. तिथे कोणी "उद्या बघू" म्हणत नाही. रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं झालं की लावावंच लागतं. राबातच जून झालं तर फुटवे कमी येतात, भात कमी उतरतं.

आता अशाच एखाद्या शेतकऱ्याचं रस्त्यावरचं दुकान बघा. किराणा, ताडपत्री, खत उधारीवर गेलंय आणि वही सहा महिने गल्ल्याखाली पडून आहे. आवणी एक दिवस न चुकवणाऱ्या या माणसाला आळशी कसं म्हणणार?

आळस नाहीये हो तो. वही उघडली की शेजाऱ्याचं, सोयऱ्याचं नाव दिसतं आणि मागायचा संकोच वाटतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल हेच सांगतात: चालढकलीचं मूळ वेळेत नाही, भावनेत आहे. नकोसं काम ढकललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. म्हणून नवी डायरी आणून काही होत नाही. (मी तीन आणल्यात. कोऱ्या आहेत.)

जीएसटीचं ३बी रिटर्न उशिरा गेलं की दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, म्हणून ते निदान भरलं तरी जातं. वहीचा दंड डोळ्यांना दिसत नाही, पण तो आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, पैसे कधी द्यायचे ते ठरलं नसेल तर माल दिल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मात्र ती ३ वर्षं संपायच्या आत गिऱ्हाइकाने "इतकं देणं आहे" असं लिहून सही दिली, तर मुदत सहीच्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. म्हणजे तुमची वही बंद आहे तोवर एकेक पान बाद होत चाललंय.

मग करायचं काय? पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक साधी युक्ती आहे. "या आठवड्यात वसुली करीन" असं मोघम ठरवू नका. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला काम बांधा: "शटर उघडून अगरबत्ती लावली की एक फोन." एकच हं, दहा नाही. आणि सुरुवात पैशांपासून नको. "दादा, हिशोब जुळवतोय. तुमच्याकडे एवढे दिसतात, बरोबर आहे ना?" एवढं म्हणा. समोरचा दुखावत नाही, तुमचीही जीभ अडत नाही.

पैशांचं म्हणाल तर आवणीच्या दिवसांत मागून उपयोग नाही, तेव्हा हात रिकामा असतो. झोडणी होऊन भात विकलं गेलं की मागा. सही मात्र भर पावसातही घेता येते.

उद्या सकाळी वही काढा आणि दुसऱ्या नावाला फोन लावा. पहिलं नाव बहुतेक मेव्हण्याचं असणार. ते परवा.