ट्वीडकाठचा कोबी-बटाटा

गॉर्डन ब्राउन ब्रिटनचे पंतप्रधान असताना, २००९ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लिनलिथगो इथल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी एक पाककृतींचं पुस्तक तयार झालं. ब्राउनसाहेबांनी त्यात आपल्या आवडीचा पदार्थ दिला. उकडलेला बटाटा, कोबी, कांदा, लोणी आणि वर किसलेलं चीज. नाव रंबलडीथंप्स. जगभरच्या बँका गडगडल्या होत्या त्या दिवसांत देशाचा गाडा हाकणाऱ्या माणसाने इतका स्वस्त पदार्थ निवडावा, यावर हसायचं तर हसावं. पण ज्याने तो एकदा नीट करून खाल्ला आहे त्याला या निवडीचं नवल वाटणार नाही.

ब्राउन वाढले फाइफमधल्या कर्काल्डी या गावात. पदार्थ मात्र तिथला नव्हे, त्याच्याही दक्षिणेचा. इंग्लंडची हद्द लागण्याआधीचा जो डोंगराळ, मेंढरांचा मुलूख आहे त्याला नुसतं ‘बॉर्डर्स’ म्हणतात. ट्वीड नदी याच मुलखातून वाहते. मेलरोझ, केल्सो, सेलकर्क, गॅलाशील्स, हॉइक, जेडबरा ही इथली गावं. गॅलाशील्स आणि हॉइक लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध. मेलरोझचं नाव रग्बीवाल्यांना ठाऊक असतं, कारण सात-सात जणांची रग्बी १८८३ मध्ये इथेच सुरू झाली आणि ती कल्पना नेड हेग नावाच्या खाटकाची होती. डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेर बोचरा वारा, भिजकी थंडी आणि पुढे संध्याकाळ भली लांब. अशा वेळी माणसाला चमचमीत काही नको असतं, ऊन-ऊन आणि पोटाला आधार देणारं हवं असतं.

या पदार्थात नेमके हेच जिन्नस का, याचं उत्तर तिथल्या शेतमजुरीच्या पद्धतीत सापडतं. एकोणिसाव्या शतकात बॉर्डर्समधल्या मोठ्या शेतांवर राबणाऱ्या सालदाराला ‘हाइंड’ म्हणत. त्याची मजुरी बरीचशी वस्तुरूपात मिळे: ठरलेलं धान्य, राहायला खोपटं, मालकाच्या कुरणात एक गाय चारण्याची मुभा आणि बटाटे लावायला जमिनीचा तुकडा. आपल्या बलुत्याची आठवण व्हावी असाच हा हिशेब. बदल्यात हाइंडने स्वतः तर राबायचंच, शिवाय शेतावर कामाला एक बाई पुरवायची, मग ती घरची असो की बाहेरून ठेवलेली. तिला ‘बाँडेजर’ म्हणत. म्हणजे गाय असल्यामुळे घरचं लोणी, मजुरीच्या जमिनीतले बटाटे आणि दारामागच्या परसातला कोबी. बाजारातून आणायला लागत असेल तर मिरी आणि मीठ. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईने एका भांड्यात घोटून सगळ्यांसमोर ठेवावा, असा हा पदार्थ आहे. आज तो गावच्या खानावळींत ‘पारंपरिक’ म्हणून मिळतो. त्या काळी तो नुसता रात्रीचा घास होता.

बटाटा मात्र स्कॉटलंडचा मूळचा नव्हे. आधी तो बड्या लोकांच्या बागांत आला आणि शेतात पीक म्हणून रुजायला अठरावं शतक उजाडलं. किलसाइथ गावच्या टॉमस प्रेंटिसने १७२८ मध्ये तो शेतात लावला, असं सांगतात. पुढे डोंगराळ उत्तर भागात आणि पश्चिमेच्या बेटांवर लोक जवळजवळ बटाट्यावरच जगू लागले. १८४६ मध्ये करप्याने ते पीक बसलं तेव्हा तिथे उपासमार झाली, ती पुढे दहा वर्षं रेंगाळली आणि कितीतरी कुटुंबं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. बॉर्डर्सच्या ताटात बटाट्याच्या जोडीला ओट आणि बार्ली होती, म्हणून तो भाग तुलनेने निभावला.

कोबीची पाळंमुळं आणखी जुनी. इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन १७७३ मध्ये स्कॉटलंड फिरले आणि दोन वर्षांनी त्या प्रवासाचं पुस्तक छापलं. ॲबरडीनला त्यांच्या कानावर आलं ते असं, की इथल्या लोकांना जोडे शिवायला आणि कोबी-वर्गातला ‘केल’ लावायला इंग्लंडहून आलेल्या क्रॉमवेलच्या शिपायांनी शिकवलं. जॉन्सनना स्कॉटलंडची टोपी उडवायला निमित्त लागत नसे, त्यामुळे या गोष्टीवर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण केल इतका अंगवळणी पडला की परसबागेला तिथे ‘केलयार्ड’ म्हणतात.

बटाट्याचीही अशीच एक खूण उरली आहे. स्कॉटलंडच्या शाळांना ऑक्टोबरात जी सुटी लागते तिला अजूनही लोक ‘टॅटी हॉलिडे’ म्हणतात. टॅटी म्हणजे बटाटा. ही सुटी मुलांना बटाटे वेचायला शेतात जाता यावं म्हणून असे. आता काढणी यंत्रं करतात, मुलं घरी बसतात, सुटी मात्र चालू आहे. आपल्याकडे दिवाळीची सुटी लागते तोच हा सुमार.

रंबलडीथंप्स साहित्यात अवतरला तो एका मासिकातून. एडिंबरोहून निघणाऱ्या ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात १८२२ ते १८३५ या काळात ‘नोक्टीज अँब्रोझियानी’ नावाची संवादमाला चालली होती. एका खानावळीत जमून खाणंपिणं आणि वाङ्मय यांवर तोंडसुख घेणारी मंडळी, असा तिचा थाट. त्यातलं सगळ्यांत लाडकं पात्र ‘एट्रिकचा मेंढपाळ’. हे पात्र बेतलेलं होतं जेम्स हॉग या खऱ्याखुऱ्या कवीवर. १७७० साली बॉर्डर्समधल्या एट्रिक खोऱ्यात जन्मलेला, लहानपणापासून मेंढ्या राखलेला हा माणूस. त्याच्या तोंडी घातलेले संवाद बहुतांशी जॉन विल्सन लिहीत. एका बैठकीत रंबलडीथंप्स म्हणजे काय, असं विचारल्यावर मेंढपाळ कृती सांगतो. मोठ्या लाकडी भांड्यात बटाटे घ्यायचे, जाडजूड लाकडी दांड्याने ठोकायचे, लोणी घालायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा लोणी, मग कोबी, आणि परत दांडा. वजनमाप नाही, वेळ नाही, नुसती लय. पदार्थाला जे नाव पडलं तेही या ढवळण्या-ठोकण्यावरूनच.

त्या वर्णनात ओव्हन नाही, चीजही नाही. चूल, भांडं आणि दांडा एवढ्यावर भागतं. वर चीज भुरभुरून ओव्हनमध्ये खरपूस करणं ही नंतरची चैन. मला विचाराल तर ही चैन करावी. पण चीज नसलं तर पदार्थ अडत नाही आणि लोणी नसलं तर तो होतच नाही, हे लक्षात ठेवावं.

स्कॉटलंडच्या इतर भागांतही याची भावंडं आहेत. १९२९ मध्ये फ्लॉरेन्स मॅरियन मॅकनील यांनी ‘द स्कॉट्स किचन’ हे पुस्तक लिहून गावोगावचं खाणं कागदावर उतरवलं. घरगुती स्कॉटिश स्वयंपाकाची गोष्ट निघाली की आजही त्याच पुस्तकाचं नाव निघतं. त्या स्वतः उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या. त्यांच्या ऑर्कनीत बटाटा आणि पिवळसर गराचा मोठा सलगम एकत्र घोटतात, तो क्लॅपशॉट. ॲबरडीनकडे कोबी-बटाट्यात लोण्याऐवजी साय घालतात आणि त्याला केलकेनी म्हणतात. आयर्लंडचा कोलकॅनन याच कुळातला, आणि इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणातलं उरलंसुरलं सोमवारी तव्यावर परततात तो ‘बबल अँड स्क्वीक’ही. थंड हवा, कसदार जमीन आणि जपून खर्च करणारी गृहिणी असेल तिथे हे दोन जिन्नस एकमेकांना शोधून काढतातच.

आता करायचा कसा ते सांगते. चार माणसांसाठी सहाशे ग्रॅम बटाटे, अडीचशे ग्रॅम कोबी, एक मोठा कांदा, पाऊण वाटी चेडर चीजचा कीस आणि पाऊणशे ग्रॅम लोणी. लोण्याचा आकडा वाचून दचकू नका. डॉक्टरांनी तूप-लोणी बंद केलेल्यांनी हा लेख नुसता वाचावा.

निम्मं यश बटाट्याच्या निवडीत आहे. स्कॉटलंडमध्ये यासाठी पिठूळ बटाटा घेतात, शिजल्यावर कोरडा होऊन भुसभुशीत सुटणारा. आर्ब्रोथला १९०६ मध्ये तयार झालेला ‘गोल्डन वंडर’ आणि गुलाबी सालीचा ‘कर्स पिंक’ हे तिथले नावाजलेले वाण. आपल्या बाजारात आग्रा, इंदूर, तळेगाव अशा नावांनी बटाटा विकला जातो. त्यातला जाड सालीचा, हाताला घट्ट आणि कोरडा लागणारा घ्यावा. पातळ सालीचा नवा बटाटा रश्शाला उत्तम, इथे चालत नाही. शीतगृहातून आलेला बटाटा बऱ्याचदा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते. तो आठवडा-दोन आठवडे घरात उघड्यावर, पण उजेडापासून दूर ठेवला की गोडी बरीच उतरते.

बटाटे सोलून सारख्या आकाराच्या फोडी करा आणि गार पाण्यात मीठ घालून उकडायला ठेवा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. कुकरचा मोह आवरा. शिट्ट्यांनी बटाटा पाणी पितो. सुरी सहज आत गेली की पाणी पूर्ण निथळून तेच पातेलं मंद आचेवर मिनिटभर ठेवा. फोडींच्या कडा पांढऱ्या, पिठाळ दिसू लागतात आणि वाफ निघून जाते. पुढे घालायच्या लोण्याला जागा होते ती इथे. मग हाताच्या मॅशरने ठेचा. मिक्सर किंवा ब्लेंडर अजिबात नको: पाती बटाट्यातले पिठाचे कण फोडतात आणि खळीसारखा चिकट गोळा होतो. थोड्या गुठळ्या राहिल्या तर उत्तमच.

कोबीची गोष्ट वेगळी. परदेशी घरांतल्या कोबीच्या वासाबद्दल इतकी चेष्टा होते, त्यात चूक कोबीची नाही, तासन्‌तास उकळणाऱ्याची. कोबीत गंधकाची संयुगं असतात. तो जितका जास्त शिजेल तितका त्यांचा वास घरभर होतो. म्हणून उकळू नये. निम्मं लोणी जाड बुडाच्या कढईत वितळवा, त्यात उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर पारदर्शक होऊ द्या, मग मधला दांडा काढून बोटभर रुंद चिरलेला कोबी आणि मीठ घाला. आधी कढईत पाणी सुटतं आणि नुसतं रटरट ऐकू येतं. झाकण ठेवू नका. काही मिनिटांत पाणी आटतं, रटरट थांबून चरचर सुरू होते, कोबी चकचकीत होतो आणि क्वचित एखादी कडा तांबूस दिसते. त्या चरचरीला गॅस बंद करायचा. कोबी मऊ हवा, पण दाताखाली लागला पाहिजे.

आता ठेचलेला बटाटा, उरलेलं लोणी आणि ताजी कुटलेली मिरी घालून सगळं उलथन्याने वरखाली करा. गुळगुळीत एकजीव नको, बटाट्यातून हिरव्या रेघा दिसायला हव्यात. मीठ आत्ताच चाखा, चीजचा खारटपणा धरून. लोणी लावलेल्या पसरट भांड्यात मिश्रण काढून वर चीज पसरा आणि १८० अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा. कडेने लोणी बुडबुडायला लागलं आणि वरचा थर मध्यभागी सोनेरी, कडांना तपकिरी झाला की झालं. काढल्यावर पाच मिनिटं थांबा. चीज तोंड भाजतं.

ओव्हन नसेल तर बिडाचा तवा काढा. लोण्यावर मिश्रण थापून मंद आचेवर सोडा, खाली खरपुडी धरली की उलथन्याने उचलून आत मिसळा, पुन्हा थापा. असं दोन-तीनदा केलं की खरपूसपणा सगळीकडे पोचतो. आदल्या दिवशीच्या शिळ्या रंबलडीथंप्सलाही हीच रीत. तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्याच बाजूची.

काही घरं यात सलगमही घालतात, कुणी कोबीऐवजी केल. बॉर्डर्समध्ये हा पदार्थ रश्शातल्या मटणाबरोबर, सॉसेजबरोबर किंवा नुसत्या अंड्याच्या हाफफ्रायबरोबर वाढतात. शाकाहारी घरात तोच मुख्य जेवण होऊ शकतो, सोबत एखादी कोशिंबीर आणि टोमॅटोचं सार. एक सांगायला हवं: पारंपरिक चेडर करताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. एडिंबरो-ग्लासगोला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी तिथे शाकाहारी असल्याची नोंद पाहून चीज घ्यावं. इथल्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहावा. कांदा न खाणाऱ्यांनी केलकेनी करावा: बटाटा, कोबी, साय, मीठ, मिरी, आणि काही नाही. चातुर्मासातही चालेल.

हा पदार्थ वाढला की बहुतेक मराठी घरांत पहिला प्रश्न येतो, ‘यात हळद नाही का?’ नाही. मोहरी, कढीपत्ता, आलं-लसूणही नाही. पहिल्यांदा कराल तेव्हा मसाल्याच्या डब्याला हात लावू नका, लोण्याला कात्री लावू नका आणि मिरी कंजूषपणे घालू नका. दुसऱ्या खेपेला हिरवी मिरची बारीक चिरून घातलीत तर छानच लागेल, माझी तक्रार नाही. फक्त मग त्याला रंबलडीथंप्स म्हणू नका.