तुम्ही मूळचे कुठले?

बालाघाटच्या मराठी घरातल्या मुलांना हा प्रश्न दोन्हीकडे भेटतो. गावात आडनाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, महाराष्ट्रियन!" पुण्यात नोकरीला गेलं आणि तोंडून "काय करून राहिला?" निघालं, की ऐकावं लागतं, "तू एमपीची ना? तरी मराठी बरी बोलतेस." मग बरेच जण "नागपूरकडचे" म्हणून मोकळे होतात.

हे अगदीच खोटं नाही. आपला भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे मध्य प्रांतात १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आपले आजोबा जागचे हलले नाहीत, राजधानी मात्र भोपाळला गेली. गोंदियात दिलेली आत्या एका रात्रीत परराज्यातली झाली! (आणि "करून राहिला" तर नागपूरकरही म्हणतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे?)

गेल्या महिन्यात माझी भाची मुलाखतीची तयारी करत होती. रेझ्युमेत तिनं मराठीपुढे लिहिलं होतं, "थोडीफार". मी म्हटलं, "अगं, आजीशी तासन् तास भांडतेस ती कुठल्या भाषेत?"

"मावशी, मला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही. कोणी लिहायला लावलं तर?"

भीती खरी होती. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी फक्त घरातली. मग आम्ही जे आहे तेच लिहिलं: बोलणं अस्खलित, वाचता येतं, लिहिण्याचा सराव कमी. हिंदी तिन्ही बाबतींत उत्तम. दोन्ही राज्यांतल्या ग्राहकांशी बोलायचं काम असेल, तर ही जमेची बाजूच आहे. "नागपूरकडची" म्हटलं की ती झाकली जाते.

तिच्या बाबांना हे पटलं नाही. "मुलाखतीत भूगोल शिकवायचा नसतो," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यभर बाहेरगावी "नागपूर" सांगूनच निभावलंय.

मुलाखतीत विचारलंच, बालाघाट नक्की कुठे? ती म्हणाली, "वैनगंगेच्या काठी. तीच नदी पुढे तुमच्या भंडाऱ्याला जाते." मग त्यांनी तिला मराठीत दोन प्रश्न विचारले. एका उत्तरात "करून राहिले" आलंच.

निकाल अजून लागायचा आहे. बाबा रोज विचारून राहिलेत.