आकडा नॉर्मल, पण खर्च किती?

अपघातात सापडलेल्या माणसाला इस्पितळात आणतात, नर्स दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघते आणि आकडा येतो ११०/७०. सोबतच्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. अनुभवी डॉक्टर मात्र तेवढ्यावर थांबत नाही. तो मनगट धरून नाडी मोजतो, तळहात गार पडलाय का ते चाचपतो, नख दाबून सोडतो आणि त्याखालचा गुलाबी रंग परतायला किती वेळ लागतो ते पाहतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले लिटरभर पोटात किंवा मांडीत आतल्या आत वाहून गेले तरी रक्तदाब बराच वेळ नेहमीसारखा राहू शकतो. मानेतल्या धमनीच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब किंचित उतरला की ते मेंदूला कळवतात आणि काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात. कातडी, आतडी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पुढे लघवी कमी होते. मेंदू आणि हृदयाचा वाटा शाबूत ठेवण्यासाठी बाकीच्यांचा वाटा कापला जातो. पट्ट्यावरच्या ११० वरून एवढेच कळते की शरीराने दाब अजून धरून ठेवला आहे. तो कशाच्या बदल्यात, हे नाडी आणि गार तळहात सांगतात.

शरीराच्या समतोलाविषयी आपण पाठ्यपुस्तकापासून जे वाचत आलो, त्यातून हा बदल्याचा भाग सहसा गळलेला असतो. तापमान ३७ अंश, रक्तातले सोडियम १३५ ते १४५, रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ अशी यादी पाठ होते, आणि सगळे आकडे या कुंपणात असले की आत सारे आलबेल, अशी समजूत पक्की होते. माझ्या मते ही समजूत उलटी करून घ्यायला हवी. शरीर जी गोष्ट जिवापाड सांभाळते तीच बिघडलेली सर्वांत शेवटी दिसते, म्हणून प्रकृतीचा अंदाज घ्यायचा तर त्या सांभाळलेल्या आकड्यापेक्षा तो सांभाळणाऱ्या अवयवांवर किती ताण आहे हे पाहावे. खरे तर या शास्त्राच्या मूळ पुरुषांना हे चांगले ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले की बाहेर काहीही होवो, पेशींना वेढून असलेला द्रव स्थिर राहतो आणि त्या स्थैर्यामुळेच प्राणी मोकळेपणाने जगू शकतो. अमेरिकेच्या वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये या प्रकाराला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. पहिल्या महायुद्धात हाच कॅनन फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या शॉकचा अभ्यास करत होता, म्हणजे समतोल राखताना शरीराचा कस कसा लागतो आणि तो संपतो कसा, हे त्याने युद्धभूमीजवळच पाहिले होते.

उन्हाच्या बाबतीत हा खर्च सर्वांत स्पष्ट दिसतो. १७७४ मध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हा इंग्रज डॉक्टर काही मित्रांसोबत लंडनमधल्या एका मुद्दाम तापवलेल्या खोलीत शिरला. पुढच्या प्रयोगांत खोलीतली हवा सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेली गेली आणि ब्लॅग्डेन त्यात आठ मिनिटे थांबला. त्याच खोलीत अंडी वीस मिनिटांत उकडल्यासारखी कडक झाली, मांसाचा तुकडा शिजून निघाला. एका कुत्रीलाही आत ठेवले होते, पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत. माणसांच्या अंगाचे तापमान जवळपास जागचे हलले नाही. एकाच हवेत अंडे शिजते आणि माणूस शिजत नाही, यामागे घाम आहे. एक लिटर घाम कातडीवरून उडून गेला की शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो, आणि उन्हात कष्ट करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. यात ‘उडून गेला’ हे शब्द महत्त्वाचे. नागपूर-अकोल्याच्या घरांत डेझर्ट कूलर मे महिन्यातही गारवा देतो आणि मुंबईत तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, त्यातलाच हा प्रकार. ब्लॅग्डेनची खोली कोरडी होती. तिथे वाफ भरली असती तर ती आठ मिनिटे त्याला काढता आली नसती.

घामासाठी लागणारे पाणी आणि मीठ रक्तातूनच येते. आतली उष्णता कातडीपर्यंत वाहून आणायलाही रक्तच लागते. एरवी कातडीला मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर रक्त मिळते. तीव्र उष्म्यात हा प्रवाह सहा-सात लिटरवर जाऊ शकतो. एवढे रक्त आणायचे कुठून? हृदय दुप्पट वेगाने पळते, आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा पुरवठा आटतो. थर्मामीटर ३७.५ दाखवत असतो आणि त्याच वेळी माणसाचा घसा कोरडा, लघवी गडद, नाडी १३० असते. आतड्यांना रक्त कमी पडले की त्यांचे अस्तर झिरपू लागते, तिथल्या जंतूंची विषे रक्तात उतरतात, आणि उष्माघातात एकामागून एक अवयव ढासळतात त्यात या विषांचा हात असतो. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळा झाला, त्यानंतर उष्म्याच्या त्रासाने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या खालीच होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन्‌तास बसणे, या तिन्हींची बेरीज आकड्यात येत नाही. हवेची उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजणारे ओल्या फडक्याचे तापमान ३५ अंशांवर गेले की निरोगी माणसालाही उष्णता बाहेर टाकायला वाट उरत नाही, असा हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तरुण, धडधाकट लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत ती सीमा ३० ते ३१ अंशांच्या आसपासच लागली, आणि ही माणसे हलकीफुलकी कामेच करत होती.

यावर कोणी म्हणेल, शरीराला सवय होते की. शेतकरी, हमाल, भट्टीवरचे कामगार वर्षानुवर्षे उन्हातच राबतात. आक्षेप खरा आहे, आणि त्यामागे चांगले शास्त्रही आहे. आठवडा-दोन आठवडे रोज उष्म्यात काम केले की रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. तेच काम कमी नाडीत उरकते. पण सवयीने खर्च कमी होतो, माफ होत नाही. काही आठवडे सावलीत काढले की सवय मोडते. हवा पुरेशी दमट असेल तर जास्तीचा घाम नुसता ओघळतो, उडत नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वामध्ये ऊसतोडणी करणाऱ्या मजुरांचे उदाहरण इथे बोलके आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय विशी-तिशीचे, आणि तरी किडन्या निकामी झालेले पुरुष तिथे हजारोंनी आढळले. कारणांवर वाद आहे. कीटकनाशकांकडेही बोट दाखवले जाते. तरी वारंवारचे निर्जलीकरण आणि भर उन्हातली मेहनत हा त्यातला मोठा धागा मानला जातो, आणि पाणी, विश्रांती व सावली यांची नीट सोय केलेल्या फडांवर किडनीची इजा कमी दिसली. ही माणसे उन्हाला सरावलेलीच होती. दर दिवशी तापमान सावरले गेले, आणि त्याचे बिल मूत्रपिंडांच्या नावावर चढत गेले. आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो तेव्हा फडावर पिण्याचे पाणी कुठे आहे आणि दुपारची सुट्टी किती, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीयही आहे.

मग भरपूर पाणी प्यावे म्हणजे झाले, असा सोपा तोडगा निघतो. तोही अर्धाच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलेले निघाले. त्यांच्यातल्या पुष्कळांचे वजन शर्यतीनंतर वाढले होते, म्हणजे घामाने गेले त्याहून जास्त पाणी त्यांनी ढोसले होते. शरीराला पाण्याचे माप आणि मिठाचे प्रमाण अशा दोन गोष्टी एकाच वेळी राखायच्या असतात. दोन्हींची ओढाताण झाली आणि रक्ताचे आकारमान खूप घसरलेले असले तर ते प्रमाणाकडे दुर्लक्ष करून पाणी धरून ठेवते. कामाच्या माणसाने पाण्यासोबत मीठ-साखर किंवा ओआरएस घ्यावे, ताकात मीठ घालावे, हा जुना सल्ला या ओढाताणीत अचूक बसतो. उलट बाटलीमागे जास्तीचे पैसे मोजून मिळणाऱ्या ‘अल्कलाइन’ पाण्याला इथे काही काम नाही. ते जठरातल्या तीव्र आम्लात पडते, आणि रक्ताचा सामू फुप्फुसे व मूत्रपिंडे आधीच सांभाळत असतात.

ऊन हा काही तासांचा मामला झाला. साखरेच्या बाबतीत हीच गोष्ट वर्षानुवर्षे चालते आणि म्हणूनच जास्त फसवते. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतते आणि उपाशीपोटीची साखर ९० वर ठेवते. रिपोर्टवर सारे ठीक दिसते. ब्रिटनमध्ये १९७७ पासून दोन दशके चाललेल्या मोठ्या मधुमेह अभ्यासात आढळले की निदान झाले तेव्हाच रुग्णांच्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची जवळपास निम्मी क्षमता संपलेली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तर ही गोष्ट जन्मापर्यंत मागे नेली. लंडनमधल्या गोऱ्या बाळांपेक्षा पुण्याची बाळे वजनाने लहान, पण त्यांच्या नाळेतल्या रक्तात इन्शुलिन जास्त. पोटाचा घेर सुटलेल्या, घरात मधुमेह असलेल्या चाळिशीतल्या माणसाने ‘माझी शुगर नॉर्मल’ म्हणून निर्धास्त राहावे का, याचे उत्तर या दोन अभ्यासांत पुरेसे आहे.

इथे सर्वांत रास्त आक्षेप येतो. आकडे नॉर्मल असूनही भरवसा नाही म्हटले तर तपासण्या करायच्या कशाला? आणि निरोगी माणसाला उगाच घाबरवून अजून चार टेस्ट विकायच्या, एवढेच ना? भीती रास्त आहे. प्रयोगशाळांची पॅकेजेस याच चिंतेवर चालतात. पण माझे म्हणणे जास्त तपासण्या करा असे नाही, आहेत त्या जोडून वाचा असे आहे. इमर्जन्सीमध्ये डॉक्टर नाडीला वरच्या बीपीने भागतात. दोन रुग्णांचे वरचे बीपी ११०, पण एकाची नाडी ७२ आणि दुसऱ्याची ११८. पहिल्याचा भागाकार साधारण ०.६५, नेहमीच्या मर्यादेतला. दुसऱ्याचा १ च्या वर, म्हणजे रक्त कुठेतरी जाते आहे का ते शोधायला हवे. यंत्र तेच, खर्च शून्य. क्रिएटिनिन नॉर्मल असले तरी किडनीची बरीच ताकद गेलेली असू शकते, म्हणून मधुमेह्याच्या लघवीतले प्रथिन सोबत पाहतात. आणि सांभाळलेला आकडा जेव्हा खरोखर घसरतो तेव्हा तो बारीक लक्षात घ्यायलाच हवा, कारण तेव्हा बचावाची फळी फुटलेली असते.

मात्र आकडा हलला म्हणजे फळी फुटली असेही दर वेळी नसते, आणि ताप हे त्याचे उत्तम उदाहरण. जंतुसंसर्गात मेंदूतले हायपोथॅलॅमस हे केंद्र स्वतःच लक्ष्य ३७ वरून ३९ वर नेते. म्हणून अंग तापलेले असतानाही थंडी वाजते, माणूस कुडकुडतो, गोधडी मागतो; शरीर ठरवून तापते आहे. पॅरासिटामॉल ते लक्ष्य खाली आणते, आणि मग घाम फुटून ताप उतरतो. उष्माघातात लक्ष्य ३७ वरच असते, पण तिथे पोचण्याची ताकद संपलेली असते. तापमान ४० च्या वर, बोलणे असंबद्ध, शुद्ध हरपलेली. इथे पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही, कारण खाली आणायला लक्ष्य वर गेलेलेच नाही, आणि ताणाखाली असलेल्या यकृतावर त्याचा भारच पडतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे तर धोक्याचेच. त्याला सावलीत न्यायचे, कपडे सैल करायचे, मिळेल त्या गार पाण्याने सर्वांग भिजवून जोरात वारा घालायचा, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत लावायचा. रुग्णवाहिका बोलवायची ती याच वेळी, पण गार करणे ती येईपर्यंत थांबवायचे नाही, आणि गाडीतही चालू ठेवायचे.