चांद्याच्या रानातल्या पायवाटा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर पाहून झालेले असते, कोकणातले नातेवाईक दमलेले असतात, आणि मग कोणीतरी म्हणते, "यंदा ताडोब्याला जाऊ या!" जीपगाडी ठरते, दुर्बीण मागून आणली जाते, आणि वाघ दिसला तर पैसे वसूल झाले असे मानून मंडळी परत येतात. ह्यात वावगे काहीच नाही. परंतु अरण्य गाडीतून पाहणे निराळे आणि पायांनी पाहणे निराळे. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत पायी हिंडण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र तिथली पायवाट ही आधी कोणाची, हे जाणून मगच तिच्यावर पाऊल टाकावे, एवढेच ह्या लेखात सांगायचे आहे.

विलायतेत पायी भटकण्याचे वेड मोठे. दक्षिण इंग्लंडमध्ये खडूच्या पांढऱ्या मातीच्या बुटक्या टेकड्या आहेत. त्यांच्या माथ्यावरून जाणारी 'रिजवे' नावाची फार प्राचीन वाट १९७३ साली राष्ट्रीय पदयात्रा-मार्ग म्हणून खुली झाली. तिची लांबी १३९ किलोमीटर. वाटेत कोणाचे शेत लागो, कोणाचे कुरण लागो. वहिवाटीची पायवाट असेल तर तिथून जाण्याचा हक्क सर्वांना आहे. हा हक्क आपोआप मिळालेला नाही. जमीनदारांच्या माळांवर जाण्याची मुभा मिळावी म्हणून १९३२ साली तिथल्या कामगार तरुणांनी किंडर स्काउटच्या डोंगरावर मुद्दाम घुसून तुरुंगवास पत्करला. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटांची नोंद नकाशावर करणे भाग पडले. तिथे भांडण होते ते फिरायला जाणारा आणि जमिनीचा मालक ह्या दोघांत. आपल्या चांद्याच्या रानात मात्र तिसरा आणि चौथाही हक्कदार आहे. तिसरा म्हणजे त्याच वाटेवर पोट भरणारा गावकरी, आणि चौथा वाघ.

सशाच्या पावलांवरचा कोट

मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी सुरुवात चंद्रपूर शहरापासूनच करावी. खांडक्या बल्लाळशाह ह्या गोंड राजाची कथा तिथे आजही सांगतात. राजाच्या अंगावर गळवे होती, ती झरपट नदीच्या पाण्याने बरी झाली. पुढे शिकारीला गेला असता त्याने एक नवल पाहिले. कुत्रा सशामागे न धावता ससाच कुत्र्याचा पाठलाग करीत होता! शहाण्या राणीने सांगितले, की ही भूमी पराक्रमाची आहे. ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेवर कोट बांधा. कथा खरी की खोटी हे बाजूला ठेवा. पण शहराचा कोट एका सशाच्या पावलांवर उभा आहे, ही कल्पनाच किती गोड आहे! जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे त्याचे चार दरवाजे, आणि शिवाय पाच खिडक्या.

हा कोट वर्षानुवर्षे झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडाला होता. २०१७ च्या मार्च महिन्यात 'इको-प्रो' ह्या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी हाती कुदळी-फावडी घेतली आणि रोज सकाळी श्रमदान करून तटावरून चालता येईल अशी वाट मोकळी केली. कोवळ्या उन्हात ह्या तटावरून चालावे, राणी हिराईने बांधलेली बीरशाहाची समाधी पाहावी, आणि जवळच अंचलेश्वराचे दर्शन घ्यावे. आजी-आजोबांनाही झेपेल अशी ही फेरी आहे.

गडावर चढण्याची हौस असणाऱ्यांसाठी गडचांदूरजवळचा माणिकगड आहे, आणि नागभीड तालुक्यात पेरजागड, म्हणजेच सातबहिणींचा डोंगर आहे. हा डोंगर २०१८ साली घोषित झालेल्या घोडाझरी अभयारण्याच्या टापूत येतो. कड्यांवर आग्या मोहोळे लोंबतात. तिथे धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये आणि आरडाओरड तर मुळीच करू नये.

जिथे चालता येत नाही

ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९५५ सालची. तिथे ताडोबा-मोहर्ली रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवलेला असे आणि घंटा वाजवून निरोप पुढे धाडला जाई, असे सांगतात. म्हणजे आज जिथे गाडीतून खाली पाय ठेवायला बंदी आहे, तिथे एके काळी माणसांची वर्दळ होती! ज्याच्यावरून जंगलाला नाव पडले तो 'तारू' हा एका गावाचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी तलावाकाठी त्याला देव करून बसवला. माणसाच्या आणि वाघाच्या वाटा इथे अशा फार पूर्वीपासून एकमेकींना छेदून गेलेल्या आहेत.

त्या आजही छेदतात. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे टपटप गळतात, आणि ऊन चढण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. भल्या पहाटे रानात शिरायचे, पाने तोडायची, दुपारी घरच्या अंगणात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. ह्या थोड्या दिवसांच्या मजुरीवर पावसाळ्याची बेगमी, मुलांची पुस्तके आणि शेतीचे बियाणे अवलंबून असते. वाकून वेचणारे माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, चार पायांच्या सावजासारखे दिसते, असे जाणकार सांगतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या बायका सहलीला गेल्या नव्हत्या. ज्या वाटेवर आपण हौसेने पाऊल टाकतो, त्याच वाटेवर त्या गरजेपोटी गेल्या होत्या.

म्हणूनच, "गावकरी जातात, मग आम्ही का नाही?" हा प्रश्न कोणी विचारू नये. ते जातात, कारण न जाऊन भागत नाही.

आधी ग्रामसभेला विचारा

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाने झाकलेला आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे लहानसे गोंड गाव इथलेच. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा ह्या गावाने देशाला दिली. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला आणि २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना हवा होता. तो अधिकार २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश ह्यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावालाही २०१२ साली असाच हक्क मिळाला. बांबूच्या उत्पन्नावर जगणाऱ्या ह्या गावाने तेंदूपाने न तोडण्याचे ठरवले, कारण त्या हंगामात झाडे छाटली जातात आणि रानाला आगी लागतात. हाती आलेले उत्पन्न आपणहून सोडणे सोपे नसते!

ज्या गावांना असा हक्क मिळाला, त्यांच्या रानातली पायवाट म्हणजे घराचे अंगणच होय. परक्याच्या अंगणात आपण हाक मारल्याशिवाय शिरत नाही. तसेच इथे ग्रामसभेला विचारावे. बरोबर गावातला माणूस घ्यावा, त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. तो साजा-धावड्याचा फरक सांगेल, चारोळीचे झाड दाखवील, आणि "आज इकडून नको" म्हणाला तर त्याचे कारण न विचारता मागे फिरावे.

आणखी दक्षिणेला आलापल्ली लागते. तिथे सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीविना राखलेला आहे. मूळचे सागवानी अरण्य कसे असेल, हे मान वर करून पाहायचे असेल तर ते इथे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती ह्या नद्यांचा संगम आहे. अलीकडेच हेमलकसा. बाबा आमटे ह्यांनी १९७३ च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांचा दवाखाना प्रथम झाडाखाली भरे, आणि माडिया रोगी कित्येक मैल रान तुडवीत तिथे येत. काहींना खाटेची कावड करून आणीत. पायी चालणे म्हणजे काय, हे त्या वाटांना विचारावे.

ह्या भागाच्या नावाला चाळीस वर्षे नक्षलवादाची भीती चिकटली होती. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ह्या बड्या नेत्याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही आडवाटेला जाण्यापूर्वी पोलीस ठाण्यात आणि वनखात्याच्या कचेरीत चौकशी करणे शहाणपणाचे. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा वावरही जिल्ह्यात आहे, तेव्हा तीही खबर घ्यावी.

जाण्याचे दिवस कार्तिकापासून माघापर्यंतचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात राहू नये, एकट्याने जाऊ नये, मुलांना मागे रेंगाळू देऊ नये. हिवतापाचा मुलूख आहे. मच्छरदाणी विसरू नये. आणि परत येताना मोहफुले, चारोळी, मध, जे मिळेल ते गावातूनच विकत घ्यावे. शहरातल्या दुकानात चारोळीचा भाव ऐकून आपण चमकतो. ती कोणत्या वाटेने आली हे एकदा पाहिले, की मग तो भाव जड वाटत नाही.

इंग्लंडातल्या पायवाटा नकाशावर चढल्या म्हणून टिकल्या. आपल्या ह्या पायवाटा टिकतील त्या रोज पहाटे तिथून जाणारी माणसे संध्याकाळी सुखरूप घरी आली तर. आपण पाहुणे, दोन दिवस फिरून निघून जाणार. पाहुण्याने यजमानाच्या घरी कसे वागावे हे मराठी घरांना शिकवण्याची गरज नाही. तीच रीत रानातही पाळली म्हणजे झाले.